दुसरी वाळवी

कागदाला वाळवी लागते हे आम्हां जंगलाकडच्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. सागाचा दरवाजा ती एकवेळ सोडील, पण त्या दरवाजाआडच्या पेटीतली जुनी पत्रे सोडणार नाही. बल्लारपूरच्या कारखान्यात आमच्याच रानातल्या बांबूचा कागद झाला. तो वही होऊन, पंचांग होऊन पुन्हा आमच्याच घरी आला. तेव्हा वाळवीने आपले जुने येणे वसूल केले तर तिला तरी नावे कशी ठेवावीत?

शिवाय या वाळवीचा एक प्रामाणिकपणा आहे. ती खाते ते खाते, पण जे ठेवते ते जसेच्या तसे ठेवते. भोक पडले आहे हे दिसते. भोकाच्या कडेला अर्धे अक्षर लोंबकळत असते आणि 'इथे काही होते' अशी साक्ष देते. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत मला जी दुसरी वाळवी भेटली, तिच्या अंगी हा गुण नव्हता. ती खाल्लेल्या जागी भलतेच काहीतरी आणून ठेवीत असे, आणि वर काही घडलेच नाही असा चेहरा करीत असे.

चंद्रपुरात एक जुने साप्ताहिक आहे. चार पाने, दिवाळीला आठ. संपादक, मालक, मुद्रितशोधक आणि अंकांचे गठ्ठे पोस्टात नेऊन टाकणारा, हे सारे एकाच देहात नांदतात. त्या देहाला आम्ही सगळे 'भाऊ' म्हणतो. भाऊंनी १९९६ साली खिळे विकून संगणक घेतला. पुढे त्याला आणखी दोन यंत्रे जोडली गेली, तेव्हा थोरलेपणाच्या मानाने पहिल्या यंत्राला 'सर्व्हर' हे नाव पडले. त्याच्यावर गावातल्याच एका हुशार मुलाने 'फॉक्सप्रो'मध्ये बातम्यांची नोंदवही बांधून दिली आणि हुशार मुले जातात तसा तो पुण्याला निघून गेला. तारीख, गाव, मथळा, बातमीदार आणि मजकूर, अशी ती वही २००५ सालापर्यंत चालली. छापील अंकांच्या फायली होत्या. पण एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली, ओलीमागून वाळवी आली, आणि त्या नऊ वर्षांचे साप्ताहिक उरले ते फक्त त्या पत्र्याच्या डब्यात.

१९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची, आणि दोनच वर्षांनी झालेल्या दुरुस्तीनुसार वर्तमानपत्राचीही, प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना धाडायची असते. मी भाऊंना त्याविषयी विचारले.

"मास्तर," भाऊ म्हणाले, "वर्गणीदाराच्या अंकाले तिकीट लावाले पैसे नव्हते, तं कोलकात्याले कोन धाडते जी?"

मग एका वादळी रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि सर्व्हरने डोळे मिटले. दुरुस्तीवाल्याने डबा उघडून आतली तबकडी बाहेर काढली. ती जिवंत होती, पण फिरताना लाकूड पोखरणाऱ्या किड्यासारखी टकटक करीत होती. नोंदवही उघडली तर तिने सांगितले : एकूण नोंदी, शून्य.

हे काम माझ्याकडे का आले ते सांगायला हवे. मी काही संगणकाचा वैद्य नव्हे. मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्या कादंबऱ्या फारशा खपल्या नाहीत. पण भाऊंकडे वापरीत त्याच 'कृतिदेव' टंकात मी त्या वर्षानुवर्षे बडवल्यामुळे मला एक निरुपयोगी विद्या येऊन बसली होती. भाऊंना नेमकी तीच हवी होती.

ती विद्या अशी. आज आपण संगणकावर 'क' लिहितो तेव्हा यंत्रही त्याला 'क'च समजते. त्या काळच्या टंकांत तसे नव्हते. यंत्र बिचारे इंग्रजी अक्षरेच ओळखी. आपण फक्त त्यांच्या अंगावर मराठी अंगरखा चढवीत असू. 'डी' दाबला की 'क' दिसे, 'के' दाबला की काना दिसे. यंत्राच्या पोटात मात्र 'डी' आणि 'के'च असत. अंगरखा काढला की आमचे चंद्रपूर म्हणजे पी, ए, एन, झेड, आय, डब्ल्यू, जे. आणि गडचिरोली म्हणजे एक्स, मोठा एम, एफ, पी, जे, के, एस, वाय, एच. 'धर्म' या शब्दाचा प्रारंभ एका तिरक्या रेघेने होतो आणि 'ण'च्या पोटात इंग्रजी पूर्णविराम असतो, हे मला पाठ आहे. लोक संध्याकाळी रामरक्षा म्हणतात तसा मी हा मजकूर सरळ वाचू शकतो. घरात या कलेला फारसा मान नाही.

त्यातही पहिली वेलांटी आणि रफार ही दोन खट्याळ पोरे. जुन्या टंकात वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसते, जशी ती डोळ्यांना दिसते तशी. आजच्या युनिकोडात ती अक्षराच्या मागे चालते, जशी ती उच्चारात येते तशी. रफाराचे नेमके उलटे. तेव्हा जुने लेखन नव्यात आणताना एकाला पुढून मागे आणि दुसऱ्याला मागून पुढे बसवावे लागते, आणि जोडाक्षर आले की वेलांटीने नेमकी किती घरे ओलांडायची हा प्रश्न पडतो. हिंदीसाठी केलेले तयार परिवर्तक मिळतात. पण त्यांना आपल्या 'दऱ्या'मधला र समजत नाही आणि 'ळ' पाहून ते बुजतात. 'ॲ'ची तर गोष्टच निराळी. त्या अक्षराला युनिकोडात स्वतःचे घर मिळायला २००८ साल उजाडले. बाकी 'ळ'विषयी आमच्या झाडीने यंत्राला फार दोष देऊ नये. आमच्या बोलीत 'डोळा' केव्हाचाच 'डोरा' होऊन बसला आहे.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे मूळ तबकडीला हात न लावण्याची. तिची एक तंतोतंत प्रत काढली; रात्रभर चालले ते काम. जिथे तबकडी वाचू देईना तिथे प्रतीत शून्ये भरली गेली. असे एक घर ५१२ खुणांचे असते. कृतिदेवात एका अक्षराला साधारण दोन खुणा लागतात असे धरले, तर एक घर गेले म्हणजे अडीचशे अक्षरे गेली. एखाद्याच्या सत्काराचा अर्धा परिच्छेद.

'एकूण नोंदी, शून्य' हे मात्र खोटे निघाले. अशा नोंदवहीच्या कपाळावर नोंदींचा आकडा लिहिलेला असतो. वीज जाता जाता तेवढा पुसला गेला होता. घरात माणसे नांदत होती, दारावरची पाटी तेवढी पडली होती. प्रत्येक नोंदीची लांबी सारखी असते, तेव्हा फायलीच्या लांबीवरून नोंदी मोजल्या आणि पाटी पुन्हा लावली. सारी वही उघडली.

उघडली आणि भाऊ खुर्चीतच मागे रेलले. पोंभुर्ण्याच्या एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या षष्ट्यब्दीखाली बिबट्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातल्याची हकीकत होती. मोहफुलांच्या भावाच्या मथळ्याखाली एका महिला मंडळाचे हळदीकुंकू चालले होते. वरोऱ्याच्या एका लग्नसोहळ्यात पोलिसांनी दारू पकडली होती. त्याचे कारण असे की, मथळे एका फायलीत असतात आणि मजकूर दुसऱ्या. मथळ्याजवळ फक्त मजकुराच्या घराचा क्रमांक लिहिलेला असतो. कोणीतरी केव्हातरी जुनी नोंदवही नव्या, आवरून घेतलेल्या मजकुराशेजारी आणून ठेवली होती. आवराआवरीत घरांचे क्रमांक बदलले होते. पत्ते जुनेच होते. टपाल सारे भलत्या घरी जात होते.

हीच ती दुसरी वाळवी. भोक दिसेल तर माणूस सावध होतो. पण नीटस छापलेल्या मथळ्याखाली नीटस छापलेला मजकूर असला, की कोण शंका घेतो? बिबट्या होता म्हणून आम्हांला हसू आले. दोन सत्कारांची अदलाबदल झाली असती तर ती कोणाच्या लक्षातही आली नसती. तसे आम्ही काही जगावेगळे नव्हतो. इंग्लंडात १०८६ सालच्या डूम्सडे पुस्तकाला ९०० वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली सगळ्या देशाची नवी नोंद लेझर तबकड्यांवर केली. पुढल्या वीस वर्षांच्या आतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि त्या सोडवून घेण्याची खटपट करावी लागली. चामड्यावरचे मूळ पुस्तक मात्र वाचता येतच होते.

आमच्या कामाला खरी निकड आणली ती एका बाईंनी. वयाने साठीच्या पलीकडच्या, कपाळावर मोठे कुंकू, हातात कापडी पिशवी. चामोर्शीकडच्या एका गावाहून पहाटेच्या बसने आल्या होत्या. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर त्यांनी उमेद होती तोवर कामे केली.

ही रंगभूमी बाहेरच्या वाचकाला थोडी सांगायला हवी. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मंडई आणि शंकरपट भरतात आणि रात्री नाटक होते. वडसा हे तिचे मुख्य ठाणे. मंडळ्यांची कार्यालये तिथे, नाटके ठरवायला गावोगावचे पुढारी येतात तिथे. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि गावकरी शाली-घोंगड्या पांघरून उजाडेपर्यंत बसतात. पेटी, तबला, गाणी, लावणी आणि शेवटी डोळ्यांना पदर. आधीच्या दंडारीत बायकांची कामे पुरुष करीत. पुढे नाटकात बाया आल्या, आणि रात्रभर लोकांना रडवून सकाळी घरी जाऊन धान सडू लागल्या. या रंगभूमीवरचे गडचिरोली जिल्ह्याचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मोठ्या शहरातल्या पुष्कळांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा.

बाईंना पद्मश्री नको होती. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना दरमहा मानधन देते, त्याचा अर्ज त्यांना भरायचा होता. आपण कला केली याला पुरावा हवा : हँडबिले, प्रशस्तिपत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे. त्यांची कात्रणे पत्र्याच्या पेटीत होती. मागल्या पावसात घराची भिंत पेटीवर बसली.

"मोठ्या पेपरात आमचं नाव कोन छापते जी?" त्या म्हणाल्या. "भाऊच छापत. म्हनून आली."

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी यंत्राकडे पाहिले.

'चामोर्शी' असा शब्द घालून शोध घेतला, तर एकही नोंद नाही. हे अशक्य होते. तेव्हा लक्षात आले. कृतिदेवात 'श' काढण्यासाठी सरळ अवतरणचिन्ह लागते. मधल्या काळात कोणीतरी मजकूर अशा प्रोग्रॅमातून फिरवला होता की जो सरळ अवतरणचिन्ह दिसताच त्याला वळण देऊन देखणे करतो. त्या देखणेपणापायी सगळ्या 'श'चा जीव गेला होता. मागे नुसता काना उरला होता. शंकरपटाचा 'ांकरपट' झाला होता. चामोर्शीत तर 'श'ही आहे आणि त्याच्यावर रफारही. म्हणजे दोन्ही रोग एकाच घरी. एकदा रोग कळल्यावर औषध सोपे होते. वळलेली चिन्हे पुन्हा सरळ केली आणि चामोर्शी तालुका नकाशावर परत आला.

मग घरांचे पत्ते जुळवणे. मजकुराच्या प्रत्येक घराच्या कपाळावर त्याची लांबी लिहिलेली असते, एवढा त्या पद्धतीचा उपकार. त्यामुळे मजकूर सुटासुटा करता आला. आणि बातमीची सुरुवात गाव आणि तारखेने होत असल्यामुळे तो आपापल्या मथळ्याखाली नेऊन बसवता आला. बसवायचा मात्र हाताने, एकेक करून. नऊ वर्षांच्या बातम्या! दिवाळीचे फटाके बाहेर वाजत होते आणि मी १९९८ सालच्या पोळ्याच्या बैलजोड्या त्यांच्या मालकांना परत करीत होतो.

बाईंच्या नावाच्या दहा बातम्या सापडल्या, १९९७ ते २००४ या काळातल्या. एकीत त्यांच्या नाटकाला पाऊस आला होता, दुसरीत लोकांनी गाण्याला तीनदा 'वन्स मोअर' घेतला होता. अकरावी सापडली ती सगळ्यांत मोठी, सविस्तर आणि कौतुकाची. अशी बातमी अर्जाच्या वर लावावी. पण तिच्या ऐन मध्यावर एक घर शून्यांचे होते. अडीचशे अक्षरांच्या त्या खिंडारापलीकडे मजकूर पुन्हा सुरू होत होता तो असा : 'मलाबाईंच्या भूमिकेने प्रेक्षकांचे डोळे पाणावले.'

बाईंच्या नावाचा शेवट तसाच होता. पण कमलाबाई, विमलाबाई, निर्मलाबाई, कोणाचा नसतो? आणि त्याच मंडळीत त्याच शेवटाच्या नावाची आणखी एक नटी होती. ती आता हयात नव्हती.

कादंबरीकाराला अडीचशे अक्षरांचे खिंडार म्हणजे आमंत्रण असते. अलीकडचा पलीकडचा मजकूर समोर आहे, बातमीदाराची शैली मला आता पाठ झाली आहे, प्रसंग काय असेल हे ठाऊक आहे. दोन अक्षरे पुढे लावली की नाव पुरे होते आणि अर्ज भक्कम होतो. चार वाक्ये अशी बेमालूम लिहून दिली असती की स्वतः बातमीदाराने ती आपली म्हणून ओळखली असती. आयुष्यभर मी दुसरे करतो काय? माणसाच्या आयुष्यातली न दिसणारी घरे अंदाजाने भरतो आणि त्याला कादंबरी म्हणतो.

पण वहीत तसे करता येत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. डॉ. सुकथनकरांसारख्या जाणत्या संपादकाने त्या आवृत्तीची घडी बसवली. तिच्यात जिथे पाठाची पुरती खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. ज्यांना महाभारत तोंडपाठ, त्यांनी ती रेघ ओढावी आणि मी एका नटीचे नाव अंदाजाने पुरे करावे? दुरुस्ती म्हणजे हरवलेले परत आणणे. हरवलेल्याच्या जागी बरे दिसेल ते ठेवणे हे तर ती दुसरी वाळवी करीतच होती. तिला माझ्या मदतीची गरज नव्हती.

भाऊंना मी खिंडार दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो आपला जुना ऑपरेटर होता ना, तो चुकीवर चूक गिरवत नव्हता. नोंद चुकली का तो ती खोडे अन् नवीन टाके."

या नोंदवहीत खोडणे म्हणजे पुसणे नव्हे. नोंदीच्या आरंभी एक जागा मोकळी असते. खोडली की तिथे एक तारका बसते. एवढेच. नोंद दिसेनाशी होते, पण जागची हलत नाही. मुद्दाम सफाई करीपर्यंत ती तिथेच असते. मी तारका लागलेल्या नोंदी दाखवायला सांगितल्या. चारशेच्या वर निघाल्या. नऊ वर्षांत त्या माणसाच्या हातून झालेल्या साऱ्या चुका, त्याने स्वतः रेघ ओढलेल्या, एका रांगेत उभ्या होत्या. आमची बातमी त्यांत होती. गावाचे नाव चुकले म्हणून खोडलेली; बाकी अक्षर न् अक्षर शाबूत, खिंडारातली अडीचशे अक्षरेसुद्धा.

ते नाव या बाईंचे नव्हते. त्या दुसरीचे होते.

बाई पुढल्या आठवड्यात आल्या तेव्हा भाऊंनी मलाच पुढे केले. मी दहा कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि अकरावा वाचून दाखवला. वाचताना माझा आवाज थोडा लागत नव्हता, कारण ही बातमी गेली म्हणजे अर्जाचा कणा गेला असे मला वाटत होते. त्या मान हलवीत ऐकत होत्या. मध्येच पदराने तोंड झाकून हसल्या.

"तिचंच आहे ते," त्या म्हणाल्या. "त्या हंगामाले मी माहेरी गेली होती, धाकट्याच्या वेळेस. माहा पार्ट तिनं केला. लय रडवलन् म्हनत लोकं. मले वाटे, लोकं उगीच म्हनतात मले चिडवाले." थोडे थांबून त्यांनी विचारले, "याची अजून एक काढता का जी?"

"अर्जाला ही चालणार नाही, मावशी," मी म्हणालो.

"अर्जाले नाई. तिची पोरगी आता वडस्याच्या मंडळीत आहे. भाऊबीज झाली का भेटते."

भाऊंनी दुसरी प्रत काढली. मग दहाही कागदांवर 'मूळ नोंदीवरून खरी नक्कल' असे स्वहस्ते लिहून सही केली, आणि टेबलाच्या खणातून साप्ताहिकाचा गोल शिक्का काढून प्रत्येकावर उमटवला. बाईंनी अकरावा कागदही पुढे सरकवला. त्याच्यावरही शिक्का हवा होता. भाऊंनी तो मारला. शाई ओली होती. ती वाळेपर्यंत बाई त्या कागदावर फुंकर घालीत बसून राहिल्या.